कत्तलीची सुरुवात बैठकीतून होते: ‘अँडॉर’च्या दुसऱ्या सीझनचे पहिले तीन भाग

‘अँडॉर’चा दुसरा सीझन आला आणि पहिल्याच दिवशी चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, पहिल्या तीन भागांत काही घडतच नाही. एक लग्न आहे, एक बैठक आहे, एक शेत आहे आणि जंगलात भांडणारी काही पोरे आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, याहून चांगली सुरुवात होऊच शकली नसती. आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत, पण आमच्याही काही तक्रारी आहेत, त्या पुढे येतील. ‘काही घडत नाही’ हे मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही. या तीन भागांत आठ लाख लोकांचे काय करायचे याचा निर्णय होतो. तो इतक्या शांतपणे आणि इतक्या सभ्य भाषेत होतो की अनेक प्रेक्षकांनी तो प्रसंग पाहिला आणि सोडून दिला. हा लेख मुख्यतः त्या एका प्रसंगाबद्दल आहे.

ज्यांनी अजून पाहिलेले नाही त्यांनी इथेच थांबावे आणि आधी तिन्ही भाग पाहावेत. अमेरिकेत ते २२ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी आले, म्हणजे आपल्याकडे २३ एप्रिलच्या सकाळी साडेसहाला, जिओहॉटस्टारवर. पुढच्या ओळींत कथा उघड होणार आहे.

आता ज्यांचा ‘स्टार वॉर्स’शी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जॉर्ज लुकास यांचा पहिला चित्रपट १९७७ साली आला. त्यात एक साम्राज्य आहे, त्या साम्राज्याकडे अख्खा ग्रह फोडून टाकणारे ‘डेथ स्टार’ नावाचे अस्त्र आहे आणि मूठभर बंडखोर ते नष्ट करतात. त्या अस्त्राचे आराखडे बंडखोरांच्या हाती कसे आले, ही कथा २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटाने सांगितली. त्या चित्रपटात कॅसियन अँडॉर नावाचा एक गुप्तहेर होता. तो तिथवर कसा पोहोचला, चोऱ्यामाऱ्या करून जगणारा एक निर्वासित पोरगा बंडखोर कसा झाला, ही या मालिकेची कथा. पहिला सीझन २०२२ साली आला, १२ भागांचा. कर्ते टोनी गिलरॉय. ‘बोर्न’ चित्रपटांच्या पटकथा लिहिणारे आणि ‘मायकेल क्लेटन’ दिग्दर्शित करणारे हे गृहस्थ अंतराळकथेचे मुळात भक्त नाहीत, आणि आमच्या मते मालिकेचे अर्धे यश त्यातच आहे. इथे जेडाय नाहीत, लखलखत्या तलवारी नाहीत, दैवी वंशाचा कोणी नायक नाही. इथे कामगार आहेत, कारकून आहेत, कैदी आहेत, बँकवाले आहेत, पोलीस आहेत.

गिलरॉय यांनी आपण जगातल्या क्रांत्यांचा इतिहास भरपूर वाचल्याचे अनेकदा सांगितले आहे. पहिल्या सीझनमध्ये लष्करी तळावरून पगाराची रक्कम लुटण्याचा जो थरारक भाग होता, त्याची प्रेरणा १९०७ सालच्या तिफ्लिसमधील बँक दरोड्याची. बोल्शेविकांनी पक्षासाठी पैसा उभा करायला घातलेला तो दरोडा, आणि त्यामागे तरुण स्टालिन. त्यामुळे या मालिकेत इतिहास शोधणे म्हणजे आमचा हट्ट नव्हे. लेखकानेच तो पेरून ठेवला आहे.

मुळात या कथेसाठी पाच सीझनचा बेत होता. तो आवरून दोनवर आणला गेला. म्हणून दुसऱ्या सीझनची रचना वेगळी आहे: १२ भाग, आठवड्याला तीन, आणि प्रत्येक तीन भागांत एका वर्षातले मोजके दिवस. मग एकदम वर्षभराची उडी. चार उड्यांमध्ये कथा ‘रोग वन’च्या दारात पोहोचणार. पहिल्या भागाचे नावच ‘वन इयर लेटर’ आहे. त्यामुळे सुरुवातीला थोडे गोंधळायला होते. कोण कुठे आहे, कोण कोणाबरोबर राहते, हे सांगत बसायला मालिका थांबत नाही. आम्हाला ते आवडले, पण पहिला सीझन विसरलेल्याने निदान शेवटचे दोन भाग पुन्हा पाहून मगच बसावे.

सुरुवात होते ती चोरीने. कॅसियन चाचणी वैमानिकाच्या वेशात साम्राज्याच्या तळावर जातो आणि एक नवे कोरे लढाऊ विमान पळवतो. त्याला आत मदत करणारी निया नावाची एक तंत्रज्ञ आहे, पहिल्यांदाच असे काही करणारी, भीतीने गारठलेली. निघण्याआधी तो तिच्याशी दोन मिनिटे बोलतो. तू आज जे केलेस त्याने तू स्वतःकडे परत आलीस, अशा आशयाचे तो काहीतरी सांगतो. पहिल्या सीझनमध्ये पैशाशिवाय कशासाठीही हात न हलवणारा कॅसियन आता दुसऱ्याला धीर देतो आहे. वर्षभरात काय झाले ते एवढ्या एका संभाषणातून कळते. नंतर तो विमानात बसतो आणि त्याला ते चालवताच येत नाही! पुढे जाण्याऐवजी मागे जाते, भिंतीवर आदळते, भलतीकडे गोळ्या सुटतात. आम्ही मनसोक्त हसलो. हसू संपले ते पुढच्या एका प्रसंगाने.

साम्राज्याचा एक बडा अधिकारी, संचालक क्रेनिक, डोंगरातल्या एका निवांत ठिकाणी निवडक लोकांना बोलावतो. बर्फाच्छादित शिखरे, लांब टेबल, खाण्यापिण्याची सोय. विषय आहे घोरमन नावाचा ग्रह. तिथे कोळ्यांपासून रेशीम काढतात, तलम कापड विणतात. आकाशगंगेतल्या श्रीमंतांच्या अंगावरचे कपडे तिथले. बैठकीत आधी एक सुंदर जाहिरातपट दाखवला जातो. कारागीर, चौक, कापडाची दुकाने. मग क्रेनिक सांगतो की या ग्रहाच्या पोटात कॅल्काइट नावाचे खनिज आहे आणि सम्राटांच्या ऊर्जा कार्यक्रमासाठी ते हवे आहे. ते इतक्या मोठ्या प्रमाणात हवे आहे की खोदकामानंतर ग्रह राहण्यालायक राहील याची खात्री नाही. पर्यायी पदार्थाचा शोध चालू आहे, तो सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर? तिथे आठ लाख माणसे राहतात. त्यांचे काय?

कोणी टेबलावर मूठ आपटत नाही. कोणी खलनायकासारखे हसत नाही. एखाद्या धरणाच्या किंवा महामार्गाच्या भूसंपादनाची बैठक चालावी तशी ही बैठक चालते. अडचणी कोणत्या, खर्च किती, लोकमत कसे सांभाळायचे.

गिलरॉय यांनी या प्रसंगामागे वान्झे परिषद असल्याचे सांगितले आहे. ही परिषद २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या उपनगरात, तळ्याकाठच्या एका बंगल्यात झाली. नाझी सत्तेतले १५ अधिकारी जमले होते, अध्यक्ष राइनहार्ड हायड्रिख. युरोपातील ज्यूंना संपवण्याच्या कामात कोणत्या खात्याने काय करायचे, याचा समन्वय हा विषय. पूर्व युरोपात सामूहिक हत्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या, म्हणजे ‘मारायचे का’ हा प्रश्न टेबलावर नव्हताच. ‘व्यवस्थित कसे’ हा होता. बैठक साधारण दीड तास चालली. निमंत्रणात बैठकीनंतर न्याहारी असल्याचे नमूद होते. उपस्थितांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे डॉक्टरेट होती. आणि इतिवृत्तात मारणे हा शब्द नाही. तिथे पूर्वेकडे स्थलांतर आहे, योग्य ती वागणूक आहे, अंतिम तोडगा आहे. या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. त्यातली एकच युद्धानंतर, १९४७ मध्ये सापडली.

हे ठाऊक असले की मालिकेतला तो प्रसंग वेगळा दिसू लागतो. क्रेनिकच्या टेबलावरचे लोक राक्षस नाहीत, ते कामात हुशार आहेत. एकाला अभियांत्रिकीचे प्रश्न पडतात, दुसऱ्याला वेळापत्रकाचे. त्यातले दोघे आहेत साम्राज्याच्या प्रबोधन मंत्रालयाचे. आता हा शब्द आपल्याकडे किती आदराने वापरला जातो ते सांगायला नको. व्याख्यानमाला, साप्ताहिके, जलसे, सगळीकडे प्रबोधन. पण गोबेल्सच्या खात्याच्या अधिकृत नावातही, १९३३ पासून, लोकप्रबोधन आणि प्रचार हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी होते. मालिकेने तो धागा मुद्दाम उचलला असावा असे आम्हाला वाटते. हे दोघे उत्साहाने सांगतात की घोरमनच्या लोकांची प्रतिमा बिघडवण्याचे काम आधीच सुरू झाले आहे. हे लोक गर्विष्ठ आहेत, स्वतःला इतरांपेक्षा वेगळे समजतात, अशी हवा हळूहळू तयार करायची. म्हणजे उद्या त्यांच्यावर संकट आले तर बाकीची आकाशगंगा म्हणेल, त्यांचे तसेच व्हायला हवे होते.

बातम्यांमधून एखाद्या समूहाबद्दल असे हळूहळू, वर्षानुवर्षे, एकेक विशेषण चिकटवत नेणे कसे असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नवे आहे ते हे, की एका लोकप्रिय मालिकेने त्या कामाला चेहरा, पगार आणि सादरीकरण दिले. ते दोघे आपल्या कामाबद्दल बोलताना एखाद्या जाहिरात संस्थेतले वाटतात. त्यांना घोरमनचा रागही नाही.

मग बोलते डेड्रा मीरो. साम्राज्याच्या गुप्त पोलीस खात्यातली ही महत्त्वाकांक्षी अधिकारी. डेनिस गॉफ यांनी ती पहिल्या सीझनपासून थंड रक्ताने उभी केली आहे. ती म्हणते की प्रचाराने काम अर्धेच होईल. उरलेल्या कामासाठी घोरमनवर असे बंडखोर हवेत, जे नेमके चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट करतील याची खात्री देता येईल. म्हणजे बंड चिरडायचे नाही. ते वाढू द्यायचे, त्याला हवे तिथे वळवायचे आणि मग ते दाखवून बंदुका आणायच्या. क्रेनिक तिच्याकडे पाहतो, आणि तिची पुढची नेमणूक ठरते.

पहिल्या तीन भागांतला सर्वांत भयंकर क्षण कोणता, असे आम्हाला विचारले तर आम्ही हाच सांगू. त्यात एकही गोळी सुटत नाही. रस्त्यावर काम करणाऱ्या कोणत्याही संघटनेने हा दोन मिनिटांचा प्रसंग दोनदा पाहावा. आपला राग खरा असतो, मागणी न्याय्य असते, आणि तरीही आपल्या रागाची वेळ आणि जागा समोरच्याने ठरवलेली असू शकते.

आणखी एक गोष्ट. पहिल्या सीझनमध्ये नार्किना नावाचा तुरुंग होता. तिथे कैदी रात्रंदिवस यंत्राचे सुटे भाग जोडत. कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटच्या भागाच्या अगदी अखेरीस दिसले की ते भाग डेथ स्टारवर बसवले जात आहेत. आता डोंगरातल्या त्या बैठकीतही ऊर्जा कार्यक्रम म्हणूनच सांगितले जाते. टेबलावर बसलेल्या बहुतेकांनाही खरे काय ते ठाऊक नाही. तळाच्या कैद्यापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एकच तुकडा. फरक एवढाच की कैद्याला विचारायची सोय नव्हती आणि अधिकाऱ्यांना विचारायची इच्छा नाही.

चाहत्यांना घोरमनचे पुढे काय होते ते ढोबळमानाने माहीत आहे. ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या २०१७ मधील एका भागात सेनेटर मॉन मॉथमा घोरमनच्या हत्याकांडाचा निषेध करून सम्राटाविरुद्ध उघड उभी राहते. म्हणजे शेवट आपल्याला आधीच सांगितलेला आहे. मग उत्सुकता कशाची? ‘काय होणार’ याची नाहीच. ते कसे रचले जाते, किती आधीपासून, कोणाच्या सहीने, याची. बातमीत हत्याकांड एका दिवसाचे असते. इथे मालिका तारखेच्या दोन-तीन वर्षे आधीपासून घड्याळ लावते.

बैठकीच्या बरोबरीने दुसरे एक दृश्य चालू राहते, आणि ते बैठकीपेक्षा फार वेगळे नाही. मिना-राऊ नावाच्या शेतीच्या ग्रहावर बिक्स, ब्रासो आणि विल्मन लपून राहत आहेत. हे कॅसियनच्या गावचे लोक. पहिल्या सीझनच्या शेवटी साम्राज्याविरुद्ध दंगल झाली तेव्हा निसटलेले. नजर पोहोचेल तिथवर पिवळे धान्य, उंच कोठारे, आणि हे तिघे यंत्रदुरुस्तीची कामे करतात. त्यांच्याकडे व्हिसा नाही. मालकांना ते माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे. सुगीच्या दिवसांत हातांची गरज असते, त्यामुळे कोणी कागद विचारत नाही. मग एक दिवस साम्राज्याची मोजणी येते. धान्य किती, यंत्रे किती, माणसे किती. आणि माणसे मोजायची म्हटली की कागद आलेच.

ज्याच्याकडे कागद नाही त्याचे काम चालते पण तक्रार चालत नाही, ही एक ओळ समजली की मिना-राऊचा पूर्ण धागा समजतो. तपासणीला आलेला लेफ्टनंट बिक्सशी आधी गोड बोलतो. तुझी अडचण मला ठाऊक आहे, हे तो न बोलता सांगतो. पुन्हा येतो तेव्हा ती एकटी असते. तो तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती लढते, त्यात तो मरतो. नंतर बाहेर दुसऱ्या सैनिकासमोर ती जे घडले ते त्याच्या नावाने, थेट शब्दात बोलते. ‘स्टार वॉर्स’च्या पडद्यावर तो शब्द याआधी आला नव्हता. त्यावरून बराच गदारोळ झाला आहे. लहान मुले पाहतात त्या विश्वात हे कशाला, असे काहींना वाटते. गिलरॉय यांचे उत्तर असे की युद्ध आणि सत्तेचा इतिहास लिहायचा तर हे वगळता येत नाही.

आमचे मत? शब्द उच्चारला गेला हे योग्यच झाले. ज्या साम्राज्याने १९७७ पासून कितीतरी ग्रह चिरडले, त्याच्या सैनिकांनी कधी बाईकडे वाईट नजरेने पाहिलेच नाही असे दाखवणे हीच खोटी गोष्ट होती. आणि आपल्यावर काय झाले ते बिक्स स्वतः, मोठ्याने, त्यांच्याच माणसाच्या तोंडावर सांगते, याला महत्त्व आहे. आमची तक्रार दुसरी आहे. पहिल्या सीझनमध्ये याच बिक्सचा छळ झाला होता. ती अजून रात्री दचकून उठते. पुन्हा तिच्याच वाट्याला हे? आद्रिया अर्जोना यांनी ती भूमिका ताकदीने केली आहे, पण या बाईला यातनांशिवायही एक आयुष्य आहे, ती कुशल कारागीर आहे, माणसे जोडणारी आहे, हे लेखकांना पुढच्या भागांत दाखवावे लागेल. नाहीतर ती फक्त कॅसियनच्या संतापाचे कारण बनून राहील.

अमेरिकेत सध्या कागद नसलेल्या मजुरांची धरपकड चालू असल्याने अनेकांना हे भाग त्यावरचे थेट भाष्य वाटले. तसे ते नसावे. चित्रीकरण फेब्रुवारी २०२४ मध्येच संपले होते, म्हणजे तिथली निवडणूक व्हायच्या कितीतरी आधी. लेखकाने आजची बातमी पाहून हे लिहिलेले नाही. कागदावरून माणूस ठरवण्याची पद्धत जुनी आहे, म्हणून ती प्रत्येक काळात ताजी वाटते.

ब्रासोचा मृत्यू मात्र आम्हाला घाईचा वाटला. पहिल्या सीझनचा तो सर्वांत भला माणूस. मार्वाच्या अंत्ययात्रेत तिच्या अस्थींची वीट हातात घेऊन पुढे चालणारा, तीच वीट शस्त्र म्हणून वापरणारा. तो इथे पळताना गोळी लागून पडतो. कॅसियन चोरलेले विमान घेऊन येतो, सैनिकांना उडवतो, पण ब्रासो गेलेला असतो. कदाचित हेच सांगायचे असेल, की अशा माणसांच्या मरणाला दुखवट्याचा वेळ मिळत नाही. पटते. तरी एक-दोन मिनिटे अजून द्यायला हवी होती. त्या मिनिटांसाठी जंगलातला वेळ कापता आला असता.

जंगलाचे सांगायचे राहिले. चोरलेले विमान घेऊन कॅसियन जिथे उतरतो तिथे त्याला माया पेई हिच्या तुकडीचे बंडखोर पकडतात. नेतृत्व हरवलेले, उपाशी, घाबरलेले. तो सांगतो, मीही तुमच्याच बाजूचा आहे; त्यांचा विश्वास बसत नाही. मग ते आपापसात भांडू लागतात. नेता कोण, पाणी कोणाकडे, कैदी कोणाचा. दोन गट पडतात, एकमेकांवर बंदुका रोखल्या जातात, आणि वाद मिटवायला शेवटी पोरांसारखा हाताच्या खुणांचा खेळ खेळतात. ज्यांनी एका जयंती मंडळातून वर्गणीच्या वादावरून तीन मंडळे निघताना पाहिली आहेत त्यांना या प्रसंगावर वेगळे हसू येईल. आमच्यातल्या एकाने तर पात्रांना आपल्या तालुक्यातली नावेही देऊन टाकली.

अनेक चाहत्यांना हा धागा लांबलेला वाटतो आणि त्यात तथ्य आहे. तीन भागांच्या कथेत त्याला जितकी जागा मिळाली तितकी त्याच्यात मजा नाही. पण तो निरर्थक नाही. शेवटी आपल्याला कळते की हे जंगल म्हणजे यावीन, आणि इथेच पुढे बंडखोरांचा मुख्य तळ उभा राहणार आहे. १९७७ च्या चित्रपटात झाडीतून डोकावणारी ती मंदिरे आठवा. ते दृश्य ग्वाटेमालातील टिकाल इथे चित्रित केले होते. ज्या भूमीवर उद्या शिस्तबद्ध रांगा आणि पदकप्रदान होणार, तिथे पहिले बंडखोर एकमेकांनाच गोळ्या घालत होते! स्थापनेच्या गोष्टी सांगताना आपण असले दिवस वगळतो. मालिकेने ते वगळले नाहीत. आणि त्याच दिवशी डोंगरात जमलेले दुसऱ्या बाजूचे लोक किती एकदिलाने, किती वेळेत काम करत आहेत, हेही आपण पाहतच असतो.

उरले लग्न. मॉन मॉथमा ही सेनेटर, वरवर सौम्य, आतून बंडाला पैसा पुरवणारी. पहिल्या सीझनमध्ये तिच्या खात्यातली चार लाखांची तूट लपवायला तिला दावो स्कल्डन या संशयास्पद धनिकाची मदत घ्यावी लागली. त्याने पैसे मागितले नाहीत. आपल्या मुलाची तिच्या मुलीशी भेट घालून द्या, एवढेच म्हणाला. आता त्या भेटीचे लग्न झाले आहे. चँड्रिला ग्रहावर तीन दिवसांचा सोहळा, परंपरा, विधी, पाहुणे. वधू लीडा अजून पोरसवदा आहे. अगदी शेवटी आई तिला म्हणते, अजूनही नको म्हणता येईल. मुलगी तिला झिडकारते. चळवळीची किंमत कार्यकर्त्यांच्या घरात कोण मोजते, यावर भाषणे खूप होतात. इथे ती एका मुलीच्या कपाळी बसलेली दिसते, आणि तिला तर हेही माहीत नाही की हे आपल्याला कशासाठी करावे लागते आहे.

त्याच मंडपात तिचा बालमित्र टे कोल्मा आहे, ज्याने ती तूट लपवायला मदत केली होती. आता त्याचा धंदा बुडाला, संसार मोडला. त्याला काहीतरी हवे आहे आणि तो ते पुरते बोलतही नाही. मॉन पैसे द्यायला तयार आहे. जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणून वावरणारा ल्यूथन, बंडाचे सगळे धागे हातात असलेला, तिला जवळजवळ न बोलता समजावतो की पैशाने हे मिटणार नाही. टे घरी निघतो तेव्हा त्याच्या गाडीच्या चालकाच्या जागी सिंटा बसलेली आहे, ल्यूथनची माणूस. पुढे काय होणार ते दाखवत नाहीत. मॉन ते समजते, पेला उचलते आणि नाचणाऱ्या गर्दीत घुसून नाचत सुटते. एकीकडे कर्कश संगीत, दुसरीकडे शेतात पडलेला ब्रासो. जेनेव्हिव्ह ओरायली यांनी ही भूमिका पहिल्यांदा २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’साठी केली होती आणि त्यातली त्यांची बहुतेक दृश्ये कापली गेली होती. २० वर्षांनंतर त्यांना हा नाच मिळाला.

टे कोल्माचे जे झाले ते बरोबर होते का? आमच्यात यावर एकमत झाले नाही. काहींच्या मते ल्यूथनकडे दुसरा मार्ग नव्हता. एक दुबळा माणूस शंभरांना पकडवून देऊ शकतो. काहींचे म्हणणे, ज्या टेबलावर बसून क्रेनिक आठ लाख माणसांना अडथळा म्हणतो, तेच टेबल ल्यूथनच्या दुकानातही आहे, फक्त आकाराने लहान. क्रेनिक खनिजासाठी मारतो आणि ल्यूथन माणसे वाचवण्यासाठी, एवढा फरक पुरेसा आहे असे पहिल्यांना वाटते. दुसऱ्यांना वाटते की टे मेला हे सांगताना आपणही ‘मारणे’ हा शब्द टाळला, तिथेच प्रश्न सुरू होतो. मालिका बाजू घेत नाही. निदान अजून तरी.

पुढचे तीन भाग आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ ला सकाळी आले, आणि तोवर कथेत आणखी एक वर्ष गेलेले असते. डेड्राला घोरमनवर चुकीची गोष्ट करणारे बंडखोर हवे आहेत. ते शोधायला ती कोणाला पाठवणार? तिच्याच घरात राहणारा, नियमांवर आंधळी श्रद्धा असलेला आणि काहीतरी मोठे करून दाखवायला आतुर झालेला सिरिल, यावर आमची पैज लागली आहे.